वाचकांचे प्रश्न: रंगातून निसटलेला इलेक्ट्रॉन परत का येत नाही?

गेल्या अंकात फळांच्या रंगावर चालणाऱ्या सोलर सेलची एक छोटी चौकट छापली होती. करंट वाहून नेणारी काच, तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर भाजून बसवायचा, तो फळाच्या रसात बुडवायचा, आयोडीनचं द्रावण घालायचं आणि वर काजळी धरलेली दुसरी काच लावायची, एवढंच होतं त्यात. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की यावेळी बाकी सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत आणि फक्त हाच विषय घेतलाय. पत्रं थोडी कापावी लागलीत, रागावू नका.

ताई, आमच्या नववीच्या मुलांनी चौकट वाचून सेल केला. महाबळेश्वर जवळ, त्यामुळे स्ट्रॉबेरीला तोटा नाही, म्हणून आधी तीच घेतली. पण पांढऱ्या थरावर रंग टिकेचना, पाण्याने धुतला की काच परत कोरी. मग डाळिंबाचा रस घेतला तर थर चांगला जांभळट झाला आणि मल्टिमीटरवर 0.4 व्होल्टच्या आसपास आले. दोन्ही रस लालच, मग असं का? आणि एलईडी का लागत नाही? मुलं हिरमुसलीत.
— विज्ञान शिक्षक, वाई

सर, मुलांना सांगा की हिरमुसायचं काही कारण नाही, त्यांचा स्ट्रॉबेरीचा फसलेला प्रयोग हाच जास्त शिकवून जाणारा आहे. आधी हे बघू की रंग लागतोच कशाला. टायटॅनियम डायऑक्साइड हा सेमीकंडक्टर आहे पण त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी ऊर्जा) मोठा, साधारण 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 388 नॅनोमीटरच्या खालचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाशच तो शोषतो आणि बाकी सगळा उजेड तसाच परत पाठवतो, म्हणून तर तो पांढराशुभ्र दिसतो. उन्हात तसला अल्ट्राव्हायोलेट असतो जेमतेम चार-पाच टक्के. उरलेलं ऊन पकडायचं तर दुसरं कोणीतरी पाहिजे, ते काम रंगाचा रेणू करतो. त्याने फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, गिळला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो, आणि ती पातळी टायटॅनियम डायऑक्साइडच्या कंडक्शन बँडपेक्षा (जिथे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या पातळ्यांपेक्षा) वर असेल तर इलेक्ट्रॉन तिथून त्या बँडमध्ये उतरतो, पुढे काचेत आणि काचेतून वायरमध्ये.

आता अडचण अशी की हे सगळं घडायला रेणू पृष्ठभागाला अक्षरशः धरून बसलेला पाहिजे, नुसता शेजारी द्रावणात तरंगत असून भागत नाही. डाळिंबात सायनिडिन आणि डेल्फिनिडिन जातीचे रंग असतात, त्यांच्या एका कड्यावर शेजारी-शेजारी दोन ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि हे दोन हात टायटॅनियमच्या अणूला पकडतात. स्ट्रॉबेरीचा लाल रंग मुख्यतः पेलार्गोनिडिनचा, त्याच्या त्याच कड्यावर ओएच एकच. पकड बसत नाही, पाणी घातलं की गेला वाहून. डोळ्यांना दोघं लाल दिसतात पण पृष्ठभागाला हा फरक कळतो. मुलांना अजून एक बघायला सांगा, डाळिंबाचा रस लाल होता आणि थर मात्र जांभळट झाला ना, तो रंगबदल म्हणजेच रेणू टायटॅनियमला चिकटल्याची खूण आहे, त्यासाठी कुठलंही यंत्र नको. करवंद, जांभूळ, कोकम यांच्यावरही हीच परीक्षा करून बघा, कोकम घ्याल तर ताजी फळं घ्या, आमसुलं नकोत, त्यात मीठ असतं.

एलईडीचं म्हणाल तर साधा लाल एलईडी 1.8 व्होल्टच्या आसपास जागा होतो आणि त्याला थोडेफार मिलीअँपिअर लागतात. तुमचा सेल देणार 0.4 व्होल्ट, तेही काही जोडलेलं नसताना, आणि फळाच्या रंगाचा करंट चौरस सेंटिमीटरला एका मिलीअँपिअरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. चार-पाच सेल सिरीजमध्ये जोडा आणि एलईडीऐवजी साधं कॅल्क्युलेटर लावा, ते अगदी थोड्या करंटवर चालतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रंगातून सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन "इंजेक्ट" होतो असं सगळीकडे वाचते. पण नक्की होतं काय, उडी मारतो का? किती वेळ लागतो? आणि एवढ्या कमी वेळातलं कोणी बघितलं कसं?
— विद्यार्थिनी, पुणे

उडी म्हटलं की मधे मोकळी जागा आली. इथे ती जवळजवळ नसतेच. रुथेनियम या धातूचे जे प्रसिद्ध डाय (म्हणजे रंगाचे रेणू) आहेत, एन3 वगैरे, त्यांना कार्बोक्सिल गट जोडलेले असतात आणि त्यांनीच रेणू टायटॅनियमला बांधलेला असतो. प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन रुथेनियमवरून निघून रेणूच्या ज्या बाजूला येतो ती बाजू नेमकी कार्बोक्सिलकडची, म्हणजे पृष्ठभागाकडची. त्याचा ढग बंधातून पलीकडच्या टायटॅनियम अणूंपर्यंत थोडा पसरलेलाच असतो. त्यामुळे आतून बाहेर पडला असं म्हणण्यापेक्षा अर्धा पाय आधीच पलीकडे होता असं म्हण.

वेळ किती तर एन3 साठी मोठा वाटा 100 फेम्टोसेकंदांच्या आत आणि उरलेला काही पिकोसेकंदांमध्ये, एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्यांइतका भाग. अलिझारिन नावाचा लाल रंग आहे, मंजिष्ठाच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळातून पूर्वी काढायचे, त्याच्यासाठी 2002 मध्ये मोजलेला वेळ निघाला फक्त 6 फेम्टोसेकंद. हा आकडा किती विचित्र आहे बघ, कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला एकदा मागेपुढे व्हायला साधारण 20 फेम्टोसेकंद लागतात. म्हणजे रेणूतला एखादा अणू नीट हलायच्या आत इलेक्ट्रॉन पसार.

बघायची पद्धत म्हणजे पंप-प्रोब. एक अतिशय छोटा लेझर पल्स डायला मारायचा, तो घड्याळ सुरू करतो. दुसरा पल्स मुद्दाम थोडा उशिरा पाठवायचा आणि त्यातलं काय काय शोषलं गेलं ते बघायचं. उशीर कसा करायचा? दुसऱ्या पल्सला थोडा लांबचा रस्ता द्यायचा, आरसे सरकवून. प्रकाश एका फेम्टोसेकंदात 0.3 मायक्रोमीटर जातो, म्हणून ते आरशांचं टेबल इतकं बारीक सरकवावं लागतं की खोलीचं तापमान जरा बदललं तरी दिवस वाया. आणि साक्षीदार दोन असतात. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला डाय वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषतो, हा एक, आणि टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये आलेला मोकळा इलेक्ट्रॉन इन्फ्रारेड शोषतो, हा दुसरा. पहिला नुसता सांगतो की डायमधून इलेक्ट्रॉन निघाला, दुसरा सांगतो की तो पोचला, दोघांची वेळ जुळली की मग शंकेला जागा राहत नाही. फेम्टोसेकंदात रसायनशास्त्र बघायच्या कामासाठी अहमद झेवैल यांना 1999 चं नोबेल मिळालं. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण आणि त्यांना चिकटलेले डाय यावर याच पद्धतीने बरंच काम झालंय, पुढे मास्टर्सचा विचार असेल तर त्यांचे पेपर काढून वाच.

एक जोड देते. काही रेणूंमध्ये हे इंजेक्शन वगैरे काही नसतंच. कॅटेकॉल हा बिनरंगाचा पदार्थ टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या कणांवर टाकला की लगेच पिवळा-नारिंगी रंग येतो. दोघांनाही एकेकटा रंग नाही. तो रंग येतो कारण प्रकाश तिथे इलेक्ट्रॉनला रेणूतून उचलून थेट सेमीकंडक्टरमध्येच ठेवतो, मधली पायरीच गायब.

चौकटीत तुम्ही लिहिलंत की इलेक्ट्रॉन क्षणार्धात पलीकडे जातो. ठीक. पण तो जिथून गेला तिथे पॉझिटिव्ह चार्ज उरला, तो त्याला परत ओढणारच की. रस्ता तोच आहे. मग जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने परत का येत नाही? आणि आला तर तुमचा सेल चालतो कसा?
— निवृत्त बँक अधिकारी, नागपूर

काका, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला जास्त आवडला. लोक विचारतात इलेक्ट्रॉन जातो कसा, पण जाणं हा सोपा भाग आहे हो, बऱ्याच डायना ते जमतं. खरी कसोटी त्याला परत येऊ न देण्यात आहे आणि या विषयातली बरीचशी मेहनत तिथेच गेलीय.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, तो परत येतोच. पण उशिरा येतो, आणि तो उशीर किती ते बघा. जाताना 100 फेम्टोसेकंद. परत डायवर यायला मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत. हे आकडे डोक्यात बसत नाहीत म्हणून सगळंच ताणून बघू, जायला एक सेकंद लागला असं धरा, तर एक मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास चार महिने झाले आणि एक मिलिसेकंद म्हणजे 300 वर्षांहून जास्त.

असं का होतं याला एक कारण नाही, बरीच आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. जाताना डायच्या एका पातळीसमोर कंडक्शन बँडमधल्या रिकाम्या पातळ्यांची रांगच असते, कुठेही शिरला तरी चालतं, आणि शिरल्यावर लगेच उष्णता टाकून तो बँडच्या तळाशी उतरतो, म्हणजे वर चढून आलेला रस्ता बंद. परत यायचं तर थेट त्या पॉझिटिव्ह जागेवर यायला हवं, आणि ती जागा एन3 सारख्या डायमध्ये पृष्ठभागाजवळ नसते, ती असते रुथेनियम आणि त्याच्या पलीकडच्या थायोसायनेट गटांवर, म्हणजे रेणूच्या लांबच्या टोकाला. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अंतर थोडं वाढलं की वेग झपाट्याने पडतो. रेणू असा बनवलाय की इलेक्ट्रॉन दारात उभा राहतो आणि रिकामी जागा परसात.

मग येते रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांची गोष्ट, ही मात्र पटायला वेळ लागते. आपल्याला वाटतं ऊर्जेचा उतार जितका जास्त तितकी क्रिया जोरात. मार्कस यांनी 1950 च्या दशकात गणित मांडलं की एका मर्यादेपर्यंतच असं होतं, त्यानंतर उतार अजून वाढवला तर इलेक्ट्रॉनचं जाणं उलट मंदावतं, कारण मोकळी झालेली एवढी ऊर्जा आजूबाजूच्या अणूंना एकदम सामावून घेता येत नाही. प्रयोगात ते स्वच्छ दिसलं 1984 मध्ये, आणि 1992 ला मार्कस यांना नोबेल मिळालं. आपल्या सेलमध्ये परतीचा उतार जवळपास दीड इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे तो त्या उलट्या भागातच पडतो. तुम्ही म्हणता तशी ओढ आहे काका, पण जरा जास्तच आहे आणि तीच आड येते.

शिवाय टायटॅनियम डायऑक्साइडचा थर म्हणजे एकसंध स्फटिक नव्हे, साधारण 20 नॅनोमीटरचे कण एकमेकांना चिकटवून केलेला दहा-एक मायक्रोमीटरचा थर. कणाकणावर दोष असतात, त्यांत इलेक्ट्रॉन अडकतो, सुटतो, परत अडकतो. त्यात फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे आपली लाल एसटी, हात दाखवा तिथे थांबणार. त्यामुळे परत यायलाही उशीर आणि पुढे काचेपर्यंत पोचायलाही उशीर, मिलिसेकंद लागतात. म्हणजे बघा, काचेपर्यंत पोचायचा वेळ आणि डायवर परत यायचा वेळ जवळपास सारखेच निघाले, मग तर अर्धे इलेक्ट्रॉन वाया जायला हवेत.

इथे आयोडीन कामाला येतं. द्रावणातला आयोडाइड (आयोडीनचं जादा इलेक्ट्रॉन असलेलं रूप) साधारण मायक्रोसेकंदात डायला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि ती रिकामी जागा भरते. पलीकडचा इलेक्ट्रॉन परत यायचा विचार करेपर्यंत घर भरलेलं. आता तो द्रावणातल्या ट्रायआयोडाइडवर (आयोडाइडने इलेक्ट्रॉन दिल्यावर तयार होणाऱ्या रूपावर) जाऊ शकतो, पण ती क्रिया अजून आळशी आहे, तेवढ्यात बहुतेक इलेक्ट्रॉन काचेतून बाहेर पडतात, बाहेरच्या वायरमधून फिरून दुसऱ्या काचेवर येतात आणि ट्रायआयोडाइडचं परत आयोडाइड करतात. डाय होता तसा. चांगला डाय 20 वर्षं टिकायचा तर एकेका रेणूला हे चक्र सुमारे दहा कोटी वेळा करावं लागतं आणि त्यात एकदाही चुकीच्या वाटेला जाऊन चालत नाही.

या सुरक्षेची किंमत मात्र भरावी लागते, बँकेत होतात म्हणून हिशोबच सांगते. डायच्या रिकाम्या जागेची पातळी 1.1 व्होल्टच्या आसपास, आयोडीनच्या जोडीची 0.35 च्या आसपास. मधले पाऊण व्होल्ट नुसते ती जागा पटकन भरण्यासाठी खर्च झाले आणि हातात येतात तेवढेच पाऊण. म्हणून मग आयोडीन काढून कोबाल्टचे रेणू घालून बघितले, त्यांची पातळी डायच्या जवळची, व्होल्टेज वाढलं. पण कोबाल्ट एकेक इलेक्ट्रॉन सहज घेतो, त्यामुळे टायटॅनियम डायऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे पळायला लागले. उपाय काय केला तर डायलाच लांब लांब हायड्रोकार्बनच्या शेपट्या जोडल्या, जेणेकरून कोबाल्ट पृष्ठभागापर्यंत पोचूच नये. तसा एक पॉर्फिरिन डाय वापरून 2011 मध्ये 12.3 टक्के मिळाले, म्हणजे पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेपैकी एवढ्या भागाची वीज झाली. पॉर्फिरिन म्हणजे क्लोरोफिलच्या घराण्यातलं.

माझा फोटो स्टुडिओ होता, वडिलांपासूनचा. तुमची चौकट वाचून आठवलं की जुन्या फिल्मच्या पुस्तकात "डाय सेन्सिटायझिंग" असा शब्द होता. त्याचा याच्याशी संबंध आहे का?
— कोल्हापूर

आहे, आणि तुमचाच धंदा थोरला. सिल्व्हर ब्रोमाइडही सेमीकंडक्टरच, त्याला निळ्याच्या पलीकडचं फारसं दिसत नाही. 1873 मध्ये बर्लिनला हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं की प्लेटमध्ये काही डाय मिसळले की ती हिरवा-पिवळाही पकडते. डाय प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये जातो, तिथे चांदीचा कण तयार होतो. गोष्ट तीच, फक्त त्या काळी इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता. लालपर्यंत पोचणारे डाय यायला मात्र वेळ लागला, म्हणून तर पणजीच्या जुन्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं. फोटोत इलेक्ट्रॉन एकदा जाऊन अडकला की काम झालं, त्याला बाहेर वायरमध्ये आणायचं नसतं. वीज काढायचे प्रयत्नही फार उशिरा झाले असं नाही, 1887 मध्ये व्हिएन्नात मोझर यांनी एरिथ्रोसिन हा डाय लावलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या (सिल्व्हर ब्रोमाइडच्या जातीतल्या) इलेक्ट्रोडवर करंट बघितला होता. पण सपाट पृष्ठभागावर डायचा एकच थर बसतो आणि एका थरात ऊन किती पकडणार? 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी सपाटऐवजी नॅनोकणांचा भुसभुशीत थर घेतला, डायला बसायला जागा हजारपटीच्या घरात गेली आणि सेल एकदम सात टक्क्यांच्या वर पोचला.

घराच्या पेंटमध्ये पण टायटॅनियम डायऑक्साइड असतं ना? मग भिंतीवर रंग + ऊन म्हणजे भिंतीत करंट तयार होतो का? (हसू नका)
— गृहिणी, सोलापूर

नाही हसले. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होऊ शकते, करंट नाही, कारण त्याला बाहेर काढायला ना काच ना वायर. आणि रिकामी जागा भरायला आयोडाइडही नाही, मग इलेक्ट्रॉन गमावलेला डाय हवा-पाण्याशी भांडून मोडतो. त्यातच टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः अल्ट्राव्हायोलेट घेऊन आजूबाजूचं रेझिन (पेंट धरून ठेवणारा चिकट भाग) खातं, भिंतीवर हात फिरवला की पांढरी पूड लागते ते त्यातूनच. म्हणून बाहेरच्या पेंटमधल्या कणांवर कंपन्या सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा पातळ पापुद्रा चढवतात.

केळीच्या पॅकहाऊसवर सोलर लावायचंय. एक जण म्हणतो नवीन डायवालं पॅनल घ्या, स्वस्त पडेल, ढगाळ हवेतही चालतं. घेऊ का?
— शेतकरी, जळगाव

भाऊ, छपरासाठी नको. सिलिकॉनची बाजारातली पॅनल 20 टक्क्यांच्या वर देतात, डायच्या सेलचा प्रयोगशाळेतला चांगला आकडा 2022 मध्ये 15.2 टक्के आला तोही बोटाच्या पेराहून लहान सेलवर. ढगाळ हवेत चालतं हे खोटं नाही, पण ढगाळ हवेत मुळात ऊनच कमी, त्यातलं थोडं जास्त पकडून तुमचा पंखा किती फिरणार. दुसरं म्हणजे आत द्रावण असतं. चांगल्या सेलमध्ये बऱ्याचदा अ‍ॅसिटोनायट्राइल वापरतात, ते 82 अंशाला उकळतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही. सील जरा सैल झालं की द्रावण उडून जाणार आणि सेल मेला. द्रावणाऐवजी घन पदार्थ वापरायच्या खटपटीतूनच पेरोव्हस्काइट (एका खास रचनेचे प्रकाश शोषणारे स्फटिक) सेल वर आले, 2009 मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइट आधी डायच्या जागीच वापरलं होतं, 3.8 टक्के मिळाले आणि ते द्रावणात विरघळून जायचं. आज ते डायच्या कितीतरी पुढे गेलंय, पण छपरावरच्या टिकाऊपणाचा प्रश्न त्यालाही आहेच.

डायचा सेल खरा शोभतो तो घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात. त्या उजेडात फक्त दिसणारे रंग असतात, डाय नेमके तेच शोषतो, आणि उजेड कमी झाला तरी चांगल्या सेलचं व्होल्टेज फारसं पडत नाही, तिथे 30 टक्क्यांच्या आसपास आकडे मिळालेत. स्वीडनच्या एका कंपनीने हेडफोनच्या पट्टीवर असे सेल लावून विकलेही. तुमच्या पॅकहाऊसमध्ये तापमानाचे छोटे सेन्सर असतील तर त्यांची बॅटरी वाचवायला असा सेल कधी मिळाला तर जरूर घ्या, छपरावर मात्र सिलिकॉनच बसवा, आणि जो स्वस्तात देतोय त्याच्याकडे दोन उन्हाळे बाहेर काढलेल्या पॅनलचं रीडिंग मागा.